मालमोटारींच्या आठवणी आणि त्यांचे मूल्यमापन : शिरूर-दौंड परिसराच्या अनुषंगाने

१

मराठीत ‘आठवणी’ हा एक प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून वाचकांसमोर आली. या दोन ग्रंथांनी आठवणींच्या लेखनाचा जो दर्जा ठरवून दिला, त्याची चर्चा पदव्युत्तर वर्गांत नेहमी होते. परंतु ज्या आठवणी ग्रंथरूप पावत नाहीत, जयंतीच्या स्मरणिका, कुटुंबवृत्तान्त, दिवाळी अंकांतील लेख किंवा केवळ तोंडी सांगणे यांतून ज्या विखुरलेल्या असतात, त्यांच्याकडे समीक्षकाची दृष्टी क्वचितच वळते. जुन्या विलायती मालमोटारी आणि त्या चालविणाऱ्या पेढ्या यांच्या आठवणी या दुसऱ्या वर्गात मोडतात. बेडफोर्ड, कॉमर, लेलँड, मॉरिस कमर्शियल ही नावे उच्चारताच पुणे-नगर किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावरील वृद्ध मंडळींच्या बोलण्यात जो जिव्हाळा येतो तो खरा असतो, यात शंका नाही. प्रश्न आहे तो या जिव्हाळ्याचे मोल कसे करावयाचे हा.

अशा आठवणींचे स्थूलमानाने तीन प्रकार पाडता येतात. पहिला वाहनप्रधान : त्यात गाडीचा मेक, बॉनेटचा आकार, हँडल मारण्याची पद्धत, गिअरचा आवाज यांचे वर्णन असते. दुसरा पेढीप्रधान : त्यात मालकाचा उत्कर्ष, गाड्यांची वाढत गेलेली संख्या, पेढीची पत आणि पुढील पिढीत झालेली वाटणी किंवा अखेर सांगितली जाते. तिसरा खेपप्रधान : त्यात एका विशिष्ट खेपेत काय भरले, कोणी भरले, कोठे उतरविले, भाडे किती ठरले आणि परतताना हौद्यात काय होते, हे कळते. पहिल्या दोन प्रकारांची विपुलता आहे. तिसरा विरळा आहे. प्रस्तुत टिपणातील प्रतिपादन असे की, या आठवणींचे वाङ्मयीन व ऐतिहासिक अशा दोन्ही दृष्टींनी मोल ठरवावयाचे असेल, तर खेपेचा हिशोब हीच त्यांची मुख्य कसोटी मानली पाहिजे. शिरूर आणि दौंड या दोन गावांचा परिसर ही कसोटी लावून पाहण्यास विशेष सोयीचा आहे.

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. गोडसे भटजींच्या ग्रंथाचे सामर्थ्य केवळ सत्तावनच्या धामधुमीच्या वर्णनात नाही. द्रव्य किती मिळाले, ते कोठे लुटले गेले आणि अखेर गंगोदकाची कावड खांद्यावरून घरी कशी आणली, हे ते सांगतात, म्हणून त्यांच्या शब्दावर आपला विश्वास बसतो. वाटेचे वर्णन आणि वाहिलेला भार या दोन गोष्टी तेथे वेगळ्या झालेल्या नाहीत.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीत ज्याला मालवाहतुकीची ‘फर्म’ म्हणतात, तिच्यासाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही. ‘हुंडेकरी’ हा शब्द लॉरीपेक्षा पुष्कळ जुना आहे. वाटेतील जकातीसह एकरकमी भाडे ठरवून माल पोचता करण्याचा ठेका म्हणजे हुंडा, आणि तो घेणारा तो हुंडेकरी. म्हणजे पाठाळी बैलांचे तांडे आणि बैलगाड्या यांच्या काळातच वाहतुकीची जोखीम, जकात आणि भाडे यांना एकत्र बांधणारी संस्था येथे अस्तित्वात होती. लॉरी आली तेव्हा साधन बदलले. पत, बिल्टी, आडत्याशी असलेला संबंध आणि नाक्यावरचा व्यवहार यांची परंपरा मात्र आधीचीच होती. अनेक पेढीप्रधान आठवणींत आरंभ पहिल्या लॉरीपासून केला जातो. तो कथनास सोयीचा असला तरी इतिहासास धरून नाही, कारण त्यामुळे बैलगाडीवाल्यांचा संपूर्ण मागचा काळ कथेबाहेर राहतो.

गाडीच्या अवयवांची नावेही बोलकी आहेत. यंत्राच्या भागांची नावे इंग्रजी राहिली : बॉनेट, गिअर, क्लच, रेडिएटर. परंतु जेथे माल आणि माणूस यांचा संबंध येतो तेथे मराठी शब्द रुजले : हौदा, फाळका, टप, पाटा, ताडपत्री. ‘क्लीनर’चा ग्रामीण बोलीत ‘किन्नर’ झाला. या विभागणीमागे कारण आहे. परदेशातून बहुधा सांगाडा आणि इंजिनच येत असे. त्यावरील लाकडी हौदा व ड्रायव्हरची खोली येथील सुतार-लोहारांनी बांधावयाची असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ज्या बलुतेदारांच्या स्थितीचा हिशोब मांडला, त्या सुतार-लोहारांच्या हातांना मोटारीने एक नवे काम दिले. वाहनप्रधान आठवण जेव्हा ‘अस्सल विलायती गाडी’ म्हणून गौरव करते, तेव्हा गाडीचा डोळ्यांना दिसणारा मोठा भाग येथील कारागिरांच्या हातचा होता, याचे तिला विस्मरण होते.

३

आता स्थळाकडे वळू. पुणे आणि नगर (आजचे अहिल्यानगर) यांच्यामध्ये दोन वाटा आहेत. सडक शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर या मार्गाने जाते. तिची लांबी सुमारे १२० किलोमीटर. लोहमार्ग दौंडला वळसा घालून जातो. दौंड-मनमाड हा फाटा १८७८ साली सुरू झाला, आणि पुण्याहून दौंडमार्गे नगर गाठावयाचे तर सुमारे १६० किलोमीटर पडतात. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, रेल्वे नाही. दौंड हे तर रेल्वेनेच वाढविलेले गाव आहे. न्हावरे-चौफुला या आडव्या रस्त्याने ही दोन गावे एकमेकांना जोडली जातात. याचा अर्थ असा की, एकाच दोन शहरांतील व्यापारासाठी शिरूरची सडक आणि दौंडचा लोहमार्ग यांची स्पर्धा या परिसराच्या भूगोलातच ठेवलेली होती.

या स्पर्धेला देशव्यापी संदर्भ आहे. सडक व रेल्वे यांच्या स्पर्धेची पाहणी करणारा मिचेल-कर्कनेस यांचा अहवाल १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याची पद्धत सर्वत्र लागू केली आणि लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीवर, रेल्वेशी सुसूत्रता राखण्याच्या कारणास्तव, निर्बंध घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. तेव्हापासून लॉरी-मालकाच्या आयुष्यात परवाना ही गाडीइतकीच महत्त्वाची वस्तू झाली. लगेच महायुद्ध आले. पेट्रोलचे नियंत्रण झाले आणि कोळशाच्या गॅसवर गाड्या चालविण्याची वेळ आली. कोळशाच्या गाडीची आठवण वृद्ध माणसे हटकून सांगतात, कारण ती दिसावयास चमत्कारिक होती. परवान्याची आठवण तितक्या हौसेने सांगितली जात नाही, कारण कागदाला धूर नसतो. अभ्यासकाला मात्र दुसरी अधिक उपयोगी आहे.

शिरूरची लॉरी आणि दौंडची लॉरी यांत म्हणूनच फरक करावा लागतो. दौंडच्या मालधक्क्यावरून गावोगाव माल पोचविणारी किंवा यवत-केडगाव पट्ट्यातील गूळ धक्क्यापर्यंत आणणारी लॉरी ही रेल्वेची पूरक होय. तिचे वेळापत्रक वाघिणींच्या येण्याजाण्याशी बांधलेले. शिरूरहून बाजरी, कांदा किंवा डाळी घेऊन थेट पुण्यास जाणारी लॉरी ही रेल्वेच्या अभावी उभी राहिलेली होती. पहिल्या ठिकाणी लॉरी हा दीर्घ साखळीतील शेवटचा दुवा, तर दुसऱ्या ठिकाणी तीच संपूर्ण साखळी. जी आठवण हा भेद दाखवीत नाही, ती कोणत्याही गावाची असू शकते. आणि जी कोणत्याही गावाची असू शकते, तिला त्या गावाची आठवण म्हणणे कठीण आहे.

४

‘ब्रिटिश लॉरी’ हा शब्दप्रयोगही तपासून घेतला पाहिजे. आठवणींत ‘जुने ते इंग्रजी’ असे एक सरसकट समीकरण आढळते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. बेडफोर्ड हे नाव १९३१ साली ल्यूटन येथील व्हॉक्सॉल कंपनीने बाजारात आणले. पण ती कंपनीच १९२५ पासून जनरल मोटर्स या अमेरिकन संस्थेच्या मालकीची होती. त्याच जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून १९५४ पर्यंत चालू होता. युद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी गाड्यांत अमेरिकन व कॅनेडियन बनावटीच्या गाड्यांचा भरणा होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या डॉज व फार्गो या गाड्याही क्रायस्लर या अमेरिकन कुळातल्याच. पुढे मद्रासला सिम्सन कंपनीने पर्किन्स डिझेल इंजिने तयार करण्यास आरंभ केला, आणि जुन्या पेट्रोल-गाड्यांत ती बसविली जाऊ लागली. तेव्हा बॉनेट एका देशाचे, इंजिन दुसऱ्याच कारखान्याचे आणि हौदा स्थानिक सुताराचा, अशी ती गाडी असे.

अस्सल ब्रिटिश वंशाची परंपरा येथे चालू राहिली ती भारतीय कारखान्यांच्या द्वारे. मद्रासच्या अशोक मोटर्सचे १९५५ साली अशोक लेलँड असे नामांतर झाले आणि ‘कॉमेट’ ही लेलँडची गाडी भारतीय रस्त्यांवर परिचित झाली. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनविण्यास सुरुवात केली होती. म्हणजे मराठी मुलखातील ज्या पिढीच्या आठवणी आज सांगितल्या जातात, त्या पिढीच्या उमेदीच्या काळात विलायती गाडी जर्मन रचनेच्या गाडीपुढे मागे पडू लागली होती. ‘ब्रिटिश’ हे विशेषण येथे बहुधा कारखान्याचा पत्ता सांगत नाही; ते तारुण्याचा काळ सांगते. असे असणे हा काही दोष नाही. मात्र वाचकाने ते विशेषण त्या अर्थानेच वाचले पाहिजे, आणि त्यावरून यंत्राच्या वंशावळीचा पुरावा काढू नये.

५

याच ठिकाणी इंग्लंडमधील आठवणींशी तुलना उपयुक्त ठरते. तेथे या विषयावरील लेखन विपुल आहे, आणि ते प्रामुख्याने पेढीप्रधान आहे : गाडीच्या माथ्यावर रंगविलेले कुटुंबाचे नाव, पेढीचा ठरलेला रंग, आणि त्या नावाचा अस्त. त्यामागे निश्चित घटना आहेत. १९३३ च्या कायद्याने परवाने आले. १९४७ च्या वाहतूक कायद्याने लांब पल्ल्याची मालवाहतूक राष्ट्रीय मालकीची झाली आणि १९४८ पासून ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’च्या नावाखाली अनेक पेढ्या विलीन झाल्या, पिकफर्ड्स व कार्टर पॅटर्सन यांसारखी जुनी नावेही सरकारी झाली. १९५३ च्या कायद्याने ही व्यवस्था पुष्कळ अंशी मोडण्यात आली. एका पिढीने आपले नाव पुसले गेलेले पाहिले आणि पुन्हा रंगविलेलेही पाहिले. पुढे खुद्द तेथील कारखानेही बंद पडत गेले. साउथॉलचा एईसी कारखाना १९७९ मध्ये थांबला. लँकेशायरमधील लेलँड या गावी १९८३ मध्ये व्यापारी वाहनांचे संग्रहालय उघडले. तेथील स्मरणरंजनाला असा दुहेरी आधार आहे : पेढी गेली आणि ती गाडी बनविणारा कारखानाही गेला.

आपल्याकडे तेच १९४८ साल महत्त्वाचे आहे, परंतु उलट्या दिशेने. मुंबई राज्यात सरकारने हाती घेतली ती उतारूंची वाहतूक. मालवाहतूक खासगी राहिली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. ती शिरूरवरूनच गेली. रेल्वेचा वळसा आणि सडकेचा सरळपणा ज्या मार्गावर समोरासमोर होता, त्याच मार्गावर हा प्रयोग सुरू झाला. आरंभीच्या त्या बेडफोर्ड गाड्या लाकडी बांधणीच्या होत्या आणि त्यांची आसने काथ्याची होती. सुरुवातीच्या काळात शेव्हर्ले, फोर्ड, बेडफोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर व फियाट अशा दहा मेकच्या गाड्या वापरात होत्या. यांत सहा नावे ब्रिटिश, तीन अमेरिकन आणि एक इटालियन आहे.

या घटनेचा परिणाम आठवणींच्या स्वरूपावर झालेला दिसतो. उतारूंची ‘सर्व्हिस मोटार’ गेली आणि तिच्या जागी एस.टी. आली. एस.टी. सर्वांची असल्यामुळे तिची आठवण सार्वजनिक झाली, पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथेत एस.टी.ची गाडी हेच एक छोटे समाजचित्र बनते. मालमोटारीला मात्र असा सर्वसामान्य वाचक मिळाला नाही. तिच्यात बसणारा ‘आपण’ नव्हता. तिच्यात पोती होती. म्हणून तिची आठवण मालकाच्या घरात राहिली, आणि मालकाच्या घरात राहिल्यामुळेच ती पेढीप्रधान झाली. येथील पेढ्यांची नावे कोणत्या कायद्याने पुसली नाहीत. ती वाटण्यांनी, कर्जाने किंवा पुढील पिढीने दुसरा व्यवसाय निवडल्याने मावळली. इंग्रजी लेखनातील दुःखाचा साचा जसाच्या तसा उचलून ‘सरकारने आमची पेढी खाल्ली’ असा सूर मराठी मालवाहतुकीच्या आठवणींत आला, तर तो तपासूनच स्वीकारला पाहिजे.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नगर येथे, लष्कराच्या चिलखती दलाचे रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे ब्रिटिश रणगाडे जतन केलेले आहेत. युद्धात वापरलेल्या विलायती यंत्राला छप्पर मिळाले. कांदा वाहिलेल्या विलायती यंत्राचे पत्रे भंगारात गेले. जतनाची ही विषमता लक्षात घेतली, म्हणजे मालमोटारीच्या बाबतीत शब्दांतील आठवणींवर किती भार पडतो ते कळून येईल. वस्तू उरली नाही, तेव्हा कथन हेच साधन उरते. आणि साधन म्हटले की त्याची छाननी आलीच.

६

छाननीत सर्वांत मोठी उणीव दिसते ती श्रमाची. ‘आमची तीन टनांची बेडफोर्ड’ असे अभिमानाने सांगितले जाते. तीन इंग्रजी टन म्हणजे रेल्वेच्या मणाने सुमारे ८२ मण. दशमान पद्धतीनंतर शंभर किलोचे पोते धरले, तर सुमारे तीस पोती. ही पोती फाळका उघडून हौद्यात आपोआप चढत नाहीत. प्रत्येक पोते एका माणसाच्या पाठीवरून चढते आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या माणसाच्या पाठीवरून उतरते. गाडीची वहनशक्ती सांगणारी आठवण या पाठीविषयी बहुधा मौन पाळते. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने, आणि पुढे १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने, हे मौन व्यवहारात तरी भंगले. पोत्याचे वजन शंभरावरून पन्नास किलोवर आणावे ही मागणी दीर्घकाळ चालली. ज्या काळाला स्मरणरंजन ‘सुवर्णकाळ’ म्हणते, तो काळ या कायद्याच्या आधीचा आहे, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये.

दुसरी उणीव रस्त्याची. रस्ता आधीपासूनच होता असे गृहीत धरून या आठवणी चालतात. शिरूर व दौंड ही दोन्ही तालुक्यांची ठिकाणे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी जी कामे निघाली, त्यांत खडी फोडणे हे एक प्रमुख काम होते, आणि ते करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्याच दुष्काळात मालाची दिशाही उलटली. एरवी धान्य गावाकडून पेठेकडे जाई. त्या वर्षी परदेशी मिलो पेठेकडून गावाकडे आला. रेल्वेने आलेल्या धान्याचा अखेरचा टप्पा मालमोटारीलाच करावा लागतो. तेव्हा दुष्काळातील एका खेपेची नीट सांगितलेली आठवण, शंभर गाड्यांच्या मेकच्या यादीपेक्षा या परिसराविषयी अधिक सांगू शकेल.

तिसरी उणीव अधिक नाजूक आहे. सहकारी साखर कारखानदारीच्या विस्तारानंतर दर हंगामात बीड व नगरकडील ऊसतोड टोळ्या मालमोटारींतून कारखान्यांच्या परिसरात येऊ लागल्या. त्या खेपेत माणसे, भांडीकुंडी आणि मुले हाच भार असतो. भाडे मुकादमाने दिलेल्या उचलीतून वळते होते. ही खेप स्मरणरंजनात येत नाही. ‘त्या वेळी विलायती गाड्या संपल्या होत्या’ असे उत्तर यावर देता येईल, आणि ते कालदृष्ट्या बरोबरही आहे. परंतु आठवणींचा काळ नेमका कोठे संपवावयाचा, हा निर्णय सांगणारा करीत असतो. गाडी जुनी झाली म्हणून कथा थांबली, की भार बोलू लागला म्हणून थांबली, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

७

या विवेचनावरून स्मरणरंजन त्याज्य आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. जिव्हाळ्यावाचून कोणी आठवण सांगावयास बसत नाही, आणि गाडीच्या आवाजापासून सुरू झालेले बोलणे पुष्कळदा खेपेपर्यंत जाऊन पोचते. हँडल मारताना मनगट कसे धरावे लागे हे सांगणाऱ्या माणसालाच, घाटात पाटा तुटल्यावर हौद्यातील माल कोणी उतरविला हे ठाऊक असण्याचा संभव अधिक. वाहनप्रधान आठवण ही म्हणून निरुपयोगी नव्हे. ती अपुरी आहे, आणि तिला पुढे नेण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे.

जे विद्यार्थी शिरूर, न्हावरे, चौफुला, दौंड या पट्ट्यात अशा आठवणी टिपून घेण्यास जातील, त्यांनी काही साधे प्रश्न जवळ ठेवावेत. परवाना कोणाच्या नावावर होता आणि तो कसा मिळाला? हौदा कोणी बांधला? माल कोणी भरला, आणि भरण्याची मजुरी आडत्याने दिली की शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली गेली? किन्नर कोणत्या घरातील मुलगा होता आणि तो पुढे ड्रायव्हर झाला का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी पुण्याहून परत आली तेव्हा हौद्यात काय होते? जातानाचा भार गावाने काय दिले ते सांगतो. परतीचा भार गावाला काय मिळाले ते सांगतो. पहिल्याची उत्तरे आपल्याजवळ थोडीफार जमली आहेत. दुसऱ्याची उत्तरे ज्यांना ठाऊक आहेत त्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांना विचारण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.